सोलचं ताट: काय बदललं, काय मुरलं



आपल्या मंडळात हल्ली एक बेत वरचेवर कानावर येतो. भारतात जाताना किंवा तिथून परतताना वाट थोडी वाकडी करायची आणि चार दिवस सोलला राहायचं. बेत बहुधा मुलानातवंडांचा असतो, कारण कोरियन मालिका आणि गाणी त्यांना पाठ असतात. आजी-आजोबा कौतुकानं मागे जातात. या चार दिवसांतली एक संध्याकाळ मिशेलिनचे तारे मिळवलेल्या एखाद्या नामांकित कोरियन रेस्टॉरंटसाठी राखून ठेवलेली असते. परतल्यावर मात्र घरात दोन तट पडतात. एक तट भारावलेला असतो. दुसरा म्हणतो, "तीन तास बसवलं, दहा वेळा ताटल्या बदलल्या आणि शेवटी खोलीवर येऊन आम्ही दशम्यांचा डबा सोडला."

हा लेख दोन्ही तटांसाठी आहे. चाळीस वर्षं मी रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे स्वयंपाकघराकडे मी थोडा प्रयोगशाळेच्या नजरेनं बघतो. तिथून मला दिसलेली गोष्ट आधीच सांगून टाकतो. आधुनिक कोरियन जेवणात डोळ्यांना जे दिसतं ते बहुतेक नवं आहे, आणि जे दिसत नाही ते फार जुनं आहे. आपण पैसे मोजतो ते मुख्यतः त्या न दिसणाऱ्या गोष्टीचे. ती काय आहे हे माहीत असेल, तर समोर आलेली चिमूटभर ताटली चिमूटभर वाटत नाही.

सगळं एकदम, की एकामागून एक?

पारंपरिक कोरियन जेवण मराठी माणसाला समजावणं सोपं आहे. मध्ये भात, शेजारी सार म्हणावं तसा रस्सा, किमची, आणि भोवती लहान लहान वाट्यांतून भाज्या, मासळी, मुरवलेले पदार्थ. वाट्यांतल्या या पदार्थांना 'बानचान' म्हणतात. भात, रस्सा आणि किमची सोडून किती पदार्थ मांडले यावरून पानाची पायरी ठरते: ३, ५, ७, ९. राजाच्या पानात १२. सगळं एकाच वेळी समोर येतं. कशाशी काय लावून खायचं, तिखटानंतर काय घ्यायचं, हे खाणारा ठरवतो. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाज्या अशा पानावर वाढलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

फाइन डायनिंगची रीत याच्या उलट आहे. एक ताटली येते, ती संपते, मग दुसरी. ही रीत मूळची फ्रेंच असं आपण समजतो, पण फ्रान्समध्येही पूर्वी मेजवानीचे पदार्थ एकदम मांडत. एकामागून एक वाढायची पद्धत तिथं १९व्या शतकात रशियाकडून आली आणि मग जगभर 'उंची जेवण' म्हटलं की तीच ठरून गेली.

त्यामुळे नव्या पिढीच्या कोरियन शेफपुढे पहिलाच प्रश्न अवघड होता. भात एकीकडे आणि बानचान दुसरीकडे केले, तर जेवणाचा जीवच जातो. कैरीचं लोणचं बशीत घालून नुसतं चमच्यानं खायला दिलं, तर त्या लोणच्याला आपण काय म्हणू? ते वरणभाताशेजारीच शोभतं. किमचीचंही तसंच.

या प्रश्नाची उत्तरं वेगवेगळ्या शेफनी वेगवेगळी दिली. सोलमधल्या 'क्वोनसुकसू'चे शेफ क्वोन वू-जुंग पाहुण्यापुढे त्याचा स्वतंत्र छोटा चौरंग मांडतात. अशा चौरंगाला 'सोबान' म्हणतात आणि तो जुन्या घरंदाज कोरियन जेवणाचा भाग आहे. बऱ्याच ठिकाणी सुरुवातीच्या ताटल्या एकेक करून येतात, पण शेवटी गोडाच्या आधी भात, रस्सा आणि चार बानचान असं लहानसं पान मांडलं जातं. हे पान आलं की पोट भरलं म्हणून परत पाठवू नका. यजमानाच्या दृष्टीनं खरं जेवण तेच असतं.

बरणीतलं शास्त्र

आता न दिसणाऱ्या गोष्टीकडे वळू. कोरियन स्वयंपाकाचा पाया म्हणजे 'जांग', म्हणजे मुरवलेलं सोयाबीन. त्याचे मुख्य प्रकार तीन. 'गानजांग' म्हणजे सोया सॉस, 'द्वेनजांग' म्हणजे घट्ट, खारट, उग्र वासाचा लगदा, आणि 'गोचुजांग' म्हणजे लाल मिरची, चिकट तांदूळ, सोयाबीनची मुरवलेली पूड आणि मीठ यांचं गोडसर तिखट मिश्रण.

कृती ऐका, कारण वाळवणं घातलेल्या कुठल्याही घराला ती ओळखीची वाटेल. हिवाळ्याच्या तोंडावर सोयाबीन शिजवून, कुटून त्याच्या विटा थापतात. त्यांना 'मेजू' म्हणतात. त्या थोड्या वाळल्या की भाताच्या पेंढ्यानं बांधून टांगून ठेवतात. या पेंढ्यात खरी गंमत आहे. त्यावर बॅसिलस सबटिलिस नावाचे जिवाणू राहत असतात, आणि हवेतल्या बुरशाही येऊन बसतात. हे जीव विटेत शिरून सोयाबीनमधली प्रथिनं तोडायला लागतात. हिवाळा सरता सरता विटा धुऊन, मातीच्या मोठ्या रांजणात मिठाच्या पाण्यात बुडवतात. मीठ पुरेसं झालं का, हे पाहायला पूर्वीपासून त्या पाण्यात अंडं सोडतात. अंडं वर येऊन नाण्याएवढा भाग पाण्याबाहेर राहिला की प्रमाण बरोबर. घनतेचा हा प्रयोग मी वर्गात काचेच्या उपकरणानं करून दाखवत असे. कोरियन आजीला उपकरण लागत नाही.

रांजणात कोळसा आणि सुक्या लाल मिरच्या टाकतात. साधारण ४० ते ६० दिवसांनी पाणी आणि गाळ वेगळा करतात. पाण्याचं होतं गानजांग, गाळाचं होतं द्वेनजांग. मग दोन्ही महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं मुरत ठेवतात. मातीचा रांजण किंचित सच्छिद्र असतो, आपल्या माठासारखा, म्हणून आतल्या पदार्थाला श्वास घेता येतो.

रसायनशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर प्रथिनांची लांब साखळी तुटून तिची अमिनो आम्लं होतात. त्यातल्या ग्लुटामिक आम्लामुळे जिभेला ती भरीव, रेंगाळणारी चव लागते. जपानी शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये ती ओळखून तिला 'उमामी' हे नाव दिलं. मग अमिनो आम्लं आणि शर्करा यांची एकमेकांशी हळूहळू प्रक्रिया होऊन रंग गडद होत जातो. कांदा परतताना जी प्रक्रिया काही मिनिटांत होते, तिच्या जातीचीच ही, पण थंड अंगणात आणि काही वर्षांत घडणारी.

कारखान्यात हेच काम हायड्रोक्लोरिक आम्ल आणि उष्णता वापरून काही दिवसांत उरकता येतं. कोरियात आज मिळणारा बराचसा स्वस्त सोया सॉस असा केलेला किंवा असा मिसळलेला असतो. प्रथिनं त्यातही तुटतात, पण जिवाणू आणि बुरशा वाटेत जे शेकडो छोटे सुगंधी पदार्थ तयार करतात, ते आम्लाला जमत नाहीत. 'मुरणं' या शब्दाला आपल्या भाषेत वजन आहे ते उगाच नाही.

या मुरण्याला परंपरा किती लांबची असू शकते, याचं एक उदाहरण आपल्या अमेरिकेशी जोडलेलं आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प सोलला गेले, तेव्हा राजभोजनात ३६० वर्षांच्या वारशाचं गानजांग वापरलं होतं. अमेरिका हे राष्ट्र तेव्हा २४१ वर्षांचं होतं! हे गानजांग दक्षिण जोल्ला प्रांतातल्या दामयांगच्या की सून-दो यांच्या घरचं. त्या एका जुन्या घराण्याच्या १०व्या पिढीतल्या सून. जुन्या गानजांगमध्ये दरवर्षी नवं घालायचं, पण रांजण कधी पूर्ण रिकामा होऊ द्यायचा नाही, अशी त्या घराची रीत. अशा मूळच्या गानजांगला 'बियाणं' या अर्थाचा शब्द आहे. आपण त्याला विरजण म्हणू.

रांजणाच्या गळ्याला पिळाची पेंढ्याची दोरी बांधून तिच्यात मिरच्या आणि कोळसे अडकवायचे, आणि कागदी मोजा कापून रांजणावर उलटा चिकटवायचा, म्हणजे बाधा येत नाही, असाही एक जुना समज आहे. दारावर लिंबू-मिरची बांधणाऱ्यांनी हसू नये.

तुटता तुटता राहिलेला धागा

हे सगळं सुरळीत चालत आलं असतं, तर आजच्या रेस्टॉरंटांना एवढं महत्त्व आलं नसतं. पण विसाव्या शतकात हा धागा अनेकदा तुटायला आला. १९१० ते १९४५ जपानची सत्ता. १९५० ते १९५३ युद्ध. मग टंचाई आणि मदतीचा अमेरिकन गहू. तांदूळ एवढा कमी, की १९६५ मध्ये सरकारनं तांदळापासून मद्य गाळायला बंदी घातली आणि घरोघरीच्या, गावोगावच्या चवी पुसल्या गेल्या. पुढे देश झपाट्यानं श्रीमंत झाला, लोक उंच इमारतींत राहायला गेले, आणि रांजण ठेवायचं अंगणच उरलं नाही. सज्जात द्वेनजांग मुरवलं तर शेजारी तक्रार करणारच.

धागा टिकला तो बहुतांशी बायकांमुळे. साधारण १६७० मध्ये, म्हणजे इकडे सिंहगड सर झाला त्या सुमारास, ग्योंगसांग प्रांतातल्या जांग ग्ये-ह्यांग या म्हाताऱ्या बाईंनी कोरियन लिपीत 'उमशिक दिमिबांग' नावाचं पाकपुस्तक लिहिलं. त्यातल्या पाककृतींत लाल मिरची नाही. मिरची अमेरिकेतून निघून जशी आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली, तशी कोरियातही ती उशिरा पोहोचली आणि रुजायला आणखी वेळ लागला. पुस्तकाच्या शेवटी बाईंनी मुलींना बजावून ठेवलं आहे, की हवं तर उतरवून घ्या, पण पुस्तक घेऊन जायचा विचार मनात आणू नका. तुमच्यापैकी कितीजणी १९७०च्या 'रुचिरा'ची प्रत सुटकेसमध्ये घालून इथं आल्या, ते मला माहीत आहे. त्या बाईंचा धाक तुम्हाला बरोबर कळेल.

राजवाड्यातल्या स्वयंपाकाची कथा याहून नाजूक. राजवट संपल्यावर राजघराण्याच्या मुदपाकखान्यात काम केलेल्या हान ही-सून याच शेवटच्या जाणकार उरल्या होत्या. ह्वांग हे-सोंग या प्राध्यापिकेनं त्यांच्याकडे बसून वर्षानुवर्षं पदार्थ शिकून घेतले, मापं घेतली, लिहून काढलं. 'चिमूटभर' म्हणजे किती आणि 'अंदाजानं' म्हणजे काय, हे शोधणं किती चिकाटीचं काम असतं ते संशोधकालाच कळेल. १९७१ मध्ये सरकारनं राजदरबारी स्वयंपाकाला अमूर्त सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. २००३ मध्ये सुरू झालेली 'दे जांग गुम' ही गाजलेली मालिका तुमच्या घरात कुणी पाहिली असेल, तर त्यातल्या स्वयंपाकामागे ह्वांग यांची मुलगी हान बोक-र्यो यांचं मार्गदर्शन होतं.

पुढे राज्यसंस्थाही उतरली. २००९ च्या सुमारास कोरियन सरकारनं आपलं जेवण जगभर नेण्याची मोठी मोहीम काढली. तिच्यावर देशात टीकाही भरपूर झाली. नोव्हेंबर २०१६ मध्ये मिशेलिनची सोलची पहिली मार्गदर्शिका निघाली. किमचीसाठी एकत्र जमण्याच्या प्रथेला युनेस्कोनं २०१३ मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं होतंच. डिसेंबर २०२४ मध्ये जांग बनवण्याची विद्याही त्या यादीत आली.

नव्यांनी काय केलं

या पार्श्वभूमीवर तीन नावं लक्षात ठेवा.

पहिलं नाव यिम जंग-सिक. अमेरिकेत शिकलेले, न्यूयॉर्क आणि स्पेनमधल्या स्वयंपाकघरांत तयार झालेले. २००९ मध्ये त्यांनी सोलला स्वतःच्या नावाचं रेस्टॉरंट काढलं आणि २०११ मध्ये न्यूयॉर्कला. त्यांच्या नावाच्या उच्चाराचा कोरियन भाषेत 'रीतसर जेवण' असाही अर्थ होतो. सुरुवातीला, हे कोरियन आहे की युरोपी, असा प्रश्न लोकांना पडे. बिबिंबाप आणि गिमबाप यांसारखे रोजचे पदार्थ त्यांनी नव्या रूपात मांडले. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या 'जंगसिक'ला तिसरा तारा मिळाला. अमेरिकेत कुठल्याही कोरियन रेस्टॉरंटला मिळालेले हे पहिले तीन तारे.

दुसरं नाव कांग मिन-गू. त्यांनी २०१४ मध्ये सोलच्या गांगनाम भागात 'मिंगल्स' काढलं. परदेशात काम करून आलेल्या या तरुणानं परतल्यावर पुन्हा विद्यार्थी व्हायचं ठरवलं. ज्येष्ठ शेफ चो ही-सूक आणि बौद्ध भिक्षुणी जोंग-क्वान यांच्याकडे ते शिकले. त्यांचा सर्वांत प्रसिद्ध पदार्थ गोड आहे. द्वेनजांग घातलेलं क्रेम ब्रुले, गानजांगमध्ये घोळवलेले पेकन, गोचुजांग लावलेल्या लाह्या आणि व्हॅनिला आइसक्रीम. तिन्ही जांग एका गोड ताटलीत! ऐकायला विचित्र वाटतं. पण खारट कॅरमेल आपल्याला आवडतं, तर चव समजायला अडचण नाही. हा पदार्थ पाहुण्याला एकच गोष्ट सांगतो: संपूर्ण जेवणभर तुम्ही जे खाल्लंत पण ओळखलं नाहीत, ते हे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मिंगल्सला तीन तारे मिळाले, आणि त्या वर्षीच्या यादीत तीन ताऱ्यांचं ते कोरियातलं एकमेव ठिकाण होतं.

तिसरं नाव आपल्या जवळचं, न्यूयॉर्कचं. पार्क जंग-ह्यन आणि त्यांची पत्नी एलिया यांनी २०१८ मध्ये 'अ‍ॅटॉमिक्स' उघडलं. चौदा जण बसतील एवढंच जेवणाचं टेबल. सुरुवातीला तुम्ही आपल्या आवडीच्या चॉपस्टिक निवडता. मग प्रत्येक पदार्थाबरोबर एक सुंदर छापलेलं कार्ड येतं. त्यावर पदार्थाचं कोरियन नाव, त्यातले जिन्नस आणि त्यामागचा विचार लिहिलेला असतो.

या कार्डावर थोडं थांबायला हवं. द्वेनजांगला 'कोरियन मिसो' म्हटलं की गिऱ्हाइकाला चटकन कळतं, पण द्वेनजांग स्वतः नाहीसं होतं. पार्क दांपत्यानं नाव बदललं नाही. नाव तसंच ठेवून समजावून सांगायचे कष्ट घेतले. इथं वाढलेल्या तरुण वाचकांनो, शाळेत डबा उघडताना वासाची लाज वाटणं हा अनुभव तुमच्या कोरियन मित्रांनाही आला आहे. ज्या वासासाठी तो डबा झाकून ठेवावा लागे, त्याच वासाच्या जेवणासाठी आज मॅनहॅटनमध्ये लोक आधीपासून जागा धरून ठेवतात. वास तोच आहे. सांगणारा माणूस आता दबून बोलत नाही, एवढाच फरक आहे.

शाकाहारी मंडळींसाठी

आता घरातल्या माळकऱ्यांचा, चातुर्मास पाळणाऱ्यांचा आणि गोमांस न खाणाऱ्यांचा प्रश्न. खरं सांगतो, सावध राहावं लागतं. किमचीत बहुधा खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा अर्क असतो. साध्या दिसणाऱ्या भाजीच्या रश्श्यातही सुक्या मासळीचं पाणी असू शकतं. मोठ्या रेस्टॉरंटांत 'हानू' नावाचं कोरियन गोमांस हा मानाचा पदार्थ असतो. म्हणून जागा राखतानाच स्पष्ट कळवा. आयत्या वेळी सांगितलं, तर दोन-दोन दिवस मुरवलेल्या पदार्थात शेफ काही बदलू शकत नाही. 'सोगोगी आन मोगोयो', म्हणजे गोमांस खात नाही, हे वाक्य पाठ करून ठेवा.

पण कोरियात संपूर्ण शाकाहारी परंपराही आहे, आणि ती अस्सल आहे. ती म्हणजे बौद्ध मठांतलं जेवण. सोलच्या जोग्येसा मंदिरासमोर 'बारु गोंगयांग' हे मठाच्या जेवणाचं रेस्टॉरंट आहे. मिशेलिनच्या सोलच्या पहिल्या आवृत्तीत त्याला एक तारा मिळाला होता. 'बारु' म्हणजे भिक्षूची भिक्षापात्रं. या शब्दाच्या मुळाशी चीनमार्गे गेलेला आपला 'पात्र' हा शब्द आहे.

मठाच्या जेवणात पाच उग्र गोष्टी वर्ज्य असतात: लसूण, कांद्याची पात आणि तिच्या जातीच्या आणखी दोन वनस्पती, आणि पाचवी 'हुंगगो'. हे 'हुंगगो' म्हणजे काय, तर संस्कृत 'हिंगु'. आपला हिंग! बौद्ध ग्रंथांबरोबर नाव तिथवर गेलं, पण कोरियन स्वयंपाकात हिंग काही रुजला नाही. ज्या देशात हिंग कुणी वापरत नाही, तिथं तो अजून निषिद्धांच्या यादीत आहे. कांदा-लसूण सोडल्यावर आपण हिंगाच्या आधारानं आमटी करतो. त्यांनी हिंगही सोडला आणि सगळा भार मुरलेल्या जांगवर टाकला.

या परंपरेचं जगाला माहीत असलेलं नाव म्हणजे भिक्षुणी जोंग-क्वान. त्या बेकयांगसा मठाच्या एका आश्रमात राहतात. त्यांचं रेस्टॉरंट नाही. तरीही जगभरचे शेफ त्यांच्या परसात येऊन बसतात. २०१७ मध्ये 'शेफ्स टेबल' या मालिकेतला एक भाग त्यांच्यावर होता. त्या मठात राहून त्यांच्याकडून स्वयंपाक पाहण्याचे कार्यक्रमही होत असतात.

जाण्यापूर्वी

काही व्यवहाराच्या गोष्टी. सोलच्या बऱ्याच नामांकित ठिकाणी 'कॅचटेबल' या अ‍ॅपवरून जागा राखता येते, आणि परदेशी प्रवाशांसाठी त्याची वेगळी आवृत्ती आहे. आगाऊ रक्कम बहुधा घेतात, ऐन वेळी न गेल्यास ती बुडते. खिशाला ताण नको असेल तर दुपारचं जेवण निवडा, ते बहुतेक ठिकाणी रात्रीपेक्षा बरंच स्वस्त असतं. कोरियात टिप द्यायची पद्धत नाही.

भात आणि रस्सा चमच्यानं, बाकीचं धातूच्या चॉपस्टिकनं. वाटी हातात उचलून तोंडाला लावत नाहीत. भातात चॉपस्टिक उभ्या खोचू नका, ते मृतांसाठी करतात. पिंडावर काही उभं रोवल्यासारखं त्यांना वाटतं, असं समजा. घरातल्या वडील माणसानं सुरुवात केल्यावर मग इतरांनी. थोरांना पेय ओतताना दोन्ही हात. हे आपल्या आजीनंही सांगितलं असतं.

एकच महागडं जेवण ठरवू नका. 'ओनजियम' ही जुन्या ग्रंथांतले पदार्थ पुन्हा करून पाहणारी संशोधन संस्था ग्योंगबोकगुंग राजवाड्याजवळ स्वतःचं रेस्टॉरंट चालवते. अभ्यासू वृत्तीच्या माणसाला ते आवडेल. आणि उंची जेवणाच्या आदल्या दिवशी बाजारातल्या साध्या खानावळीत द्वेनजांगचा उकळता रस्सा आणि भात नक्की खा. मूळ चव जिभेवर असेल, तर दुसऱ्या दिवशी शेफनं तिचं काय केलं ते कळतं. राग माहीत नसताना बंदिशीचं कौतुक करता येत नाही.

तारे आणि रांजण

हे सगळं ऐकून, कोरियन जेवणानं जग जिंकलं, असं म्हणून मोकळं होता येणार नाही. मिशेलिनच्या पहिल्या सोल आवृत्तीत तीन तारे मिळवणाऱ्या दोन रेस्टॉरंटांपैकी 'गाओन' २०२३ उजाडता उजाडता बंद झालं. इतकी माणसं, इतका वेळ आणि इतके थोडे पाहुणे, हे गणित जुळवणं कठीण असतं. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. तारे मिळतात ते बहुधा शहरातल्या पुरुष शेफना. रांजण सांभाळतात त्या बहुधा गावातल्या वयस्कर बायका. त्यांच्यानंतर कोण, हा प्रश्न कोरियात उघडपणे विचारला जातो. की सून-दो यांच्या रांजणाला वारस मिळाला नाही, तर गांगनाममधल्या कुठल्याही ताटलीला ती चव आणता येणार नाही. पण शहरातला शेफ चांगलं जांग चांगल्या भावानं विकत घेतो, म्हणून गावात ते करणं परवडतं, हेही तितकंच खरं. मला या महागड्या जेवणाचं समर्थन करावंसं वाटतं ते एवढ्याच कारणासाठी.

कोरियन भाषेत एक शब्द आहे, 'सोनमात'. सोन म्हणजे हात, मात म्हणजे चव. हाताची चव. इंग्रजीत याला शब्द नाही, पण मराठीत तुम्हाला समजावून सांगावं लागत नाही. 'तिच्या हाताला चव आहे' हे वाक्य आपण प्रत्येक घरात ऐकलं आहे. फरक एवढाच, की ह्वांग हे-सोंग यांनी त्या हाताशेजारी वही घेऊन बसायचे कष्ट घेतले.

तेव्हा सोलला जाल किंवा न्यूयॉर्कला, तेव्हा वाढणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: "हे जांग कुणी केलं, आणि किती वर्षांचं आहे?" चांगल्या ठिकाणी या प्रश्नानं त्यांचा चेहरा उजळतो. कधी कधी आत जाऊन एक छोटी बशी भरून आणतात आणि नुसतं चाखायला देतात.

आणि या दिवाळीत तुमच्या फराळाच्या ताटाभोवती अमराठी मित्र जमतील, तेव्हा भाजणीला 'मल्टिग्रेन फ्लावर' म्हणून सोडून देऊ नका. भाजणी म्हणा. मग धान्यं कुठली, ती का भाजायची, किती भाजायची, हे सांगा. ते तुम्हाला नीट माहीत नसेल, तर ज्यांना माहीत आहे त्यांना आजच फोन करा, आणि जवळ वही ठेवा.

शुभ दीपावली.